कृष्णधवल छायाचित्रणातील टोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आणि आसपास कृष्णधवल छायाचित्रण शिकणाऱ्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. क्रम साध्याकडून अवघडाकडे आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादी बाब दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणे शक्यतो पुण्यातीलच घेतली आहेत, म्हणजे वाचकाला त्याच जागी जाऊन पडताळा घेता येईल.

१. टोन म्हणजे नक्की काय? ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि टोन यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

छायाचित्रातील एखादी जागा शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंतच्या पट्टीवर कोठे बसते, तो त्या जागेचा टोन. ब्राइटनेस वाढवला की चित्रातील साऱ्याच जागा उजळ बाजूला सरकतात. कॉन्ट्रास्ट वाढवला की पट्टी ताणली जाते, म्हणजे गडद जागा अधिक गडद आणि उजळ जागा अधिक उजळ होतात. टोनवर काम करणे याहून निराळे आहे. भिंत किती गडद असावी, भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा सदरा किती फिका असावा आणि त्या दोहोंत अंतर किती राहावे, हे त्यात एकेका जागेपुरते ठरवायचे असते. रंगीत छायाचित्रात लाल सदरा हिरव्या दारापुढे आपसूक उठून दिसतो. कृष्णधवल छायाचित्रात दोघांचीही छटा एकच निघाली तर सदरा दारात विरून जातो. म्हणून एक प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो : या चित्रात कोणत्या जागेचा टोन हलता कामा नये? तो ठरला की एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते), फिल्टर, डेव्हलपिंग आणि प्रिंट यांविषयीचे निर्णय त्याच्या मागोमाग येतात. पुढील बहुतेक उत्तरे याच निर्णयाशी जोडलेली आहेत.

२. रंगीत फोटो काढून नंतर रंग काढून टाकले तर चालत नाही का?

रंगीत काढणे चालते. किंबहुना डिजिटल कॅमेऱ्यात तेच सोयीचे असते. चालत नाही ते एक बटण दाबून रंग घालवणे, कारण त्या वेळी कोणत्या रंगाला कोणती करडी छटा द्यायची हा निर्णय यंत्राने परस्पर घेतलेला असतो.

महात्मा फुले मंडईतील शेजारशेजारचे दोन ढीग घेऊ, एक टोमॅटोचा आणि एक ढोबळी मिरचीचा. समजा, शून्य (काळा) ते २५५ (पूर्ण उजळ) या मापावर टोमॅटोच्या एका बिंदूचे आकडे लाल २००, हिरवा ४०, निळा ३० असे आहेत आणि मिरचीच्या बिंदूचे लाल ६०, हिरवा ११०, निळा ४० असे आहेत. करडी छटा काढण्याच्या एका प्रचलित सूत्रात लाल रंगाला सुमारे ३० टक्के, हिरव्याला ५९ टक्के आणि निळ्याला ११ टक्के वजन असते. या हिशेबाने दोन्ही बिंदूंची छटा ८७ च्या आसपास येते. डोळ्यांना परस्परविरोधी दिसणारे दोन रंग कागदावर एकच होतात आणि दोन ढिगांचा एक ढीग होतो. आता वजने आपण ठरवू. लाल ६०, हिरवा ३० आणि निळा १० टक्के धरला, तर टोमॅटो १३५ वर चढतो आणि मिरची ७३ वर उतरते. उलट लाल १०, हिरवा ८० आणि निळा १० टक्के धरला, तर टोमॅटो ५५ आणि मिरची ९८ होते. दृश्य तेच, पण एका चित्रात टोमॅटो चमकतात आणि दुसऱ्यात मिरच्या.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे काम चॅनल मिक्सरने (लाल, हिरवा आणि निळा या तीन थरांची, म्हणजे चॅनलांची, वजने ठरवण्याच्या साधनाने) किंवा प्रत्येक रंगाच्या वेगळ्या स्लायडरने होते. स्लायडर ओढण्यापूर्वी काय उजळ हवे आहे ते मनाशी ठरलेले असावे. नुसते ओढत राहिल्यास प्रत्येक रूप थोडा वेळ बरे वाटते. फिल्म वापरणाऱ्यांना हाच निर्णय फोटो काढतानाच फिल्टर लावून घ्यावा लागतो (प्रश्न ९).

३. डोळ्यांना तर रंगच दिसतात. टोन पाहण्याची सवय कशी लावायची?

डोळे बारीक करून पाहणे हा चित्रकलेच्या वर्गात शिकवला जाणारा जुना उपाय येथेही उपयोगी पडतो. तपशील पुसट होतात आणि गडद-फिक्या आकारांची मांडणी तेवढी उरते. डिजिटल कॅमेऱ्यात चित्राची शैली मोनोक्रोम ठेवून फाइल रॉ स्वरूपात (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) घेतली, तर पडद्यावर करडे चित्र दिसते आणि रॉ फाइलमध्ये रंगांची सारी माहितीही शाबूत राहते. मात्र केवळ जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेले चित्र) घेतले तर रंग कायमचे जातात.

घरी करण्याचा एक अभ्यास मी सर्वांना सुचवतो. खिडकीशेजारच्या टेबलावर पांढरे कापड अंथरावे, त्यावर पांढरी ताटली आणि ताटलीत एक पांढरे अंडे ठेवावे. प्रथमदर्शनी तेथे एकच टोन आहे असे वाटते. थोडा वेळ नीट पाहिल्यावर अंड्याची खिडकीकडची बाजू, तिच्यापासून हळूहळू उतरत जाणारी छाया, ताटलीवरून अंड्याच्या पोटाला परत लागणारा उजेड आणि त्या दोहोंमधील सर्वांत गडद पट्टा हे सारे वेगळे दिसू लागते. अंड्याची सावलीतली कड ताटलीपेक्षा गडद असते आणि उजेडातली कड अनेकदा तिच्यात मिसळलेली असते. ही मिसळलेली कड तशीच ठेवायची की कॅमेरा थोडा हलवून सोडवायची, हा विचार ज्या दिवशी मनात येतो त्या दिवसापासून टोन दिसू लागला असे समजावे. पुढे तेच अंडे काळ्या कापडावर ठेवून पाहावे.

४. पाताळेश्वराचा काळा दगड माझ्या फोटोत करडा आणि धुरकट का येतो?

कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या वस्तूचा रंग ओळखत नाही. आपण ज्याकडे तो रोखतो, ते मधल्या करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून तो एक्स्पोजर सुचवतो. परंपरेने ही छटा म्हणजे १८ टक्के प्रकाश परत फेकणारा पृष्ठभाग मानली जाते. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूट काळातील असून ते अखंड बेसाल्टमध्ये कोरलेले आहे. हा दगड त्या १८ टक्क्यांपेक्षा बराच गडद आहे. मीटरला तो करडा वाटतो, म्हणून मीटर जास्त उजेड घ्यायला सांगतो आणि दगडाचे काळेपण निघून जाते. उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने सुचवलेल्या एक्स्पोजरमध्ये आपण करायची वाढ-घट) उणे एक ते उणे दीड स्टॉप ठेवणे. एक स्टॉप वाढवणे म्हणजे उजेड दुप्पट करणे, एक स्टॉप कमी करणे म्हणजे तो निम्मा करणे. चौकटीत पांढरी भिंत किंवा पांढरे कपडे अधिक असतील तर याच कारणाने ते मळकट येतात आणि तेथे अधिक दीड ते दोन स्टॉप द्यावे लागतात.

ओल्या दगडाचे गणित थोडे वेगळे आहे. पावसात बेसाल्ट अधिक गडद होतो, पण पाण्याच्या पातळ थरावर आकाशाचे प्रतिबिंब चमकते. छिन्नीचे घाव दाखवायचे असतील तर हीच चमक कामाला येते. गोल नंदीमंडपाच्या खांबांवर तिरपा उजेड पडलेला असताना कॅमेरा दोन पावले बाजूला सरकवून पाहावा. चमक कोठे येते आणि कोठे नाहीशी होते ते लगेच कळते.

५. झोन सिस्टिम शिकणे डिजिटलच्या काळात आवश्यक आहे का?

तिची तांत्रिक कवायत आवश्यक नाही, पण तिच्यामागचा विचार मात्र नक्की आवश्यक आहे. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे ही पद्धत शिकवण्यासाठी बांधली. शुद्ध काळा शून्य आणि शुद्ध पांढरा दहा असे अकरा झोन तीत मानले आहेत. लगतच्या दोन झोनमधील अंतर एक्स्पोजरच्या भाषेत एक स्टॉप असते. पाचवा झोन म्हणजे मीटरची मधली करडी छटा. तिसऱ्या झोनमध्ये पोत दिसणारी गडद सावली येते, सातव्यात पोत दिसणारा उजळ भाग.

समजा, विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागातील कोरीव लाकडाच्या खाचा दिसायलाच हव्या आहेत. स्पॉट मीटर (चौकटीतील लहानशा जागेचाच उजेड मोजणारा मीटर) त्या सावलीवर रोखावा. तो देईल ते वाचन त्या सावलीला पाचव्या झोनमध्ये नेणारे असेल. आपल्याला ती तिसऱ्यात हवी, म्हणून दोन स्टॉप कमी करावेत. त्यानंतर आकाशावर आणि उन्हातल्या भिंतीवर मीटर रोखून ते कोठे पडतात ते मोजावे. निगेटिव्ह फिल्ममध्ये सावली आधी ठरवतात, कारण फिल्मवर न उमटलेली सावली नंतर आणता येत नाही. डिजिटल सेन्सरमध्ये जळालेला पांढरा परत येत नाही, म्हणून तेथे उजळ बाजू आधी सांभाळावी लागते. एवढा एक फरक सोडला तर विचार तोच आहे.

६. वारीत पांढरे कपडे आणि सावळे चेहरे एकाच चौकटीत असतात. एक्स्पोजर कशावर घ्यायचे?

हा प्रश्न दर वर्षी पालख्या पुण्यात येण्याच्या सुमारास हमखास येतो आणि त्याचे उत्तर उजेडावर अवलंबून आहे.

आधी ढगाळ दिवसाचा विचार करू. धुतलेले पांढरे धोतर मधल्या करड्यापेक्षा सुमारे दोन ते सव्वादोन स्टॉप उजळ असते. उन्हातान्हात राबलेला सावळा चेहरा मधल्या करड्याच्या आसपास किंवा त्याहून साधारण एक स्टॉप गडद असतो. म्हणजे एकाच उजेडात दोहोंमधले अंतर फार तर तीन-सव्वातीन स्टॉपचे होते आणि तेवढे अंतर आजचा कोणताही कॅमेरा सहज पेलतो. आषाढी वारीचे दिवस सहसा ढगाळ असतात, त्यामुळे तेथे अडचण कॅमेऱ्याची नसते. पांढऱ्या कपड्यांनी चौकट भरली की मीटर फसतो आणि चेहरे अंधारतात, इतकीच ती असते. चेहऱ्यावर थेट मीटर रोखावा आणि मिळालेले वाचन तसेच किंवा अर्धा-एक स्टॉप कमी करून वापरावे. उजेड बदलत नसेल तर मॅन्युअलवर एकदा ठरवलेले एक्स्पोजर ठेवून निर्धास्त चालावे. समोर टोप्यांची रांग येवो की काळ्या छत्र्या येवोत, ते बदलू नये.

ऊन पडले की परिस्थिती पालटते. टोपी, खांदा आणि पताका उन्हात असतात, तर चेहरा डोक्यावरून येणाऱ्या उन्हामुळे सावलीत जातो. आता कपडा आणि चेहरा यांत मूळच्या तीन स्टॉपवर आणखी दोन-तीन स्टॉपची भर पडते. अशा वेळी दोन्ही पूर्ण दाखवण्याचा हट्ट धरल्यास चित्र फिके आणि खोटे दिसते. चेहरा महत्त्वाचा असेल तर टोपीचा वरचा काठ जळू द्यावा. चालण्याची लय आणि रांगेचा आकार महत्त्वाचा असेल तर कपड्याचा पोत राखून चेहरे गडद होऊ द्यावेत. तिसरा मार्गही आहे : जेथे रस्त्यावरून किंवा समोरच्या फिक्या भिंतीवरून उजेड परतून चेहऱ्यांवर येतो, अशी जागा शोधून तेथे थांबावे. नाना पेठ, भवानी पेठ या भागांत अरुंद रस्त्यांमुळे अशा जागा पुष्कळ सापडतात.

७. हिस्टोग्राम मध्यभागी यायलाच हवा ना?

नाही. हिस्टोग्राम म्हणजे चित्रात कोणत्या टोनच्या जागा किती आहेत ते दाखवणारा आलेख, डावीकडे काळे आणि उजवीकडे पांढरे. पाताळेश्वराच्या गाभाऱ्याचा हिस्टोग्राम डावीकडेच असायला हवा आणि धुक्यात बुडालेल्या सिंहगडाचा उजवीकडे. दोन्ही टोकांना भिंतीसारखी उभी रेघ दिसत असेल तर तेथे तपशील गेला, एवढेच त्यातून वाचावे. गडदपणा आणि उजळपणा जाणीवपूर्वक ठेवण्याविषयी प्रश्न १० पाहावा.

८. पुण्यात कृष्णधवलसाठी चांगला उजेड कधी मिळतो?

सकाळ-संध्याकाळ हे सर्वत्र लागू पडणारे उत्तर येथेही खरे आहे, पण अपुरे आहे. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यातील दुपारी भुवयांखाली आणि सज्जांखाली कुट्ट काळ्या सावल्या पडतात. हा उजेड माणसांच्या चेहऱ्यांना मारक आहे, पण लोखंडी जिने, कौले आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे यांना तो विलक्षण मानवतो. दारावर वरून घासत येणाऱ्या उन्हात प्रत्येक खिळ्याची सावली खाली लांब ओघळते आणि सपाट दाराला खोली येते.

पेठांतील जुन्या बोळांत दिवसभर एक वेगळा उजेड असतो. एका बाजूच्या भिंतीवर ऊन पडते आणि तेच परतून दुसऱ्या बाजूला पसरते. सावलीतली बाजू त्यामुळे काळी न राहता मधल्या करड्या छटांनी भरून जाते. माझ्या मते पुण्यातला शिकण्यासाठी सर्वांत चांगला उजेड हाच आहे, कारण मधल्या छटांची किंमत तेथे कळते. वाड्यांच्या चौकातही असेच घडते. चौकावर आकाशाचा तुकडा असतो, तेथून उजेड खाली उतरतो आणि ओसरीपर्यंत जाता जाता दोन-तीन स्टॉपने कमी होतो.

पावसाळ्याबद्दल अनेकांची तक्रार असते की फोटो सपाट येतात. त्याबद्दल प्रश्न ११ पाहावा.

९. पिवळा, नारिंगी, लाल हे फिल्टर नेमके काय करतात? ते घ्यावेत का?

फिल्टर स्वतःच्या रंगाच्या वस्तू चित्रात उजळ करतो आणि विरुद्ध रंगाच्या गडद. पिवळा फिल्टर निळे आकाश किंचित उतरवतो, नारिंगी अधिक, आणि लाल फिल्टर ते जवळजवळ काळे करतो. उजेडही त्याच प्रमाणात कमी होतो. पिवळ्यासाठी सुमारे एक, नारिंगीसाठी दीड ते दोन आणि गडद लाल फिल्टरसाठी सुमारे तीन स्टॉप जास्त द्यावे लागतात. हिरवा फिल्टर झाडी उजळवतो. पावसाळ्यात ताम्हिणीकडे जाणाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

येथे दोन इशारे देणे भाग आहे. पहिला असा की हे सारे निळ्या आकाशापुरते खरे आहे. आषाढातील राखाडी आकाशात निळा रंगच नसतो, त्यामुळे कितीही लाल फिल्टर लावला तरी ते गडद होत नाही. दुसरा इशारा आपल्या वेशभूषेशी संबंधित आहे. लाल फिल्टर लावून कुंकू लावलेल्या स्त्रीचे छायाचित्र काढल्यास कुंकू कपाळाच्या छटेत मिसळून नाहीसे होते. नऊवारीचे तांबडे काठ फिके पडतात आणि ओठांची कड पुसली जाते. ज्या चित्रात काठपदर हाच मुख्य टोन आहे, तेथे लाल फिल्टर टाळावा.

फिल्म वापरणाऱ्याने एक पिवळा आणि एक नारिंगी फिल्टर जवळ ठेवणे पुरेसे आहे. डिजिटल कॅमेऱ्यावर रंगीत फिल्टर लावू नये. तेच काम प्रश्न २ मधील वजनांनी करावे.

१०. हाय-की आणि लो-की म्हणजे जास्त आणि कमी एक्स्पोज केलेले फोटो का?

तसे नाही. हाय-की चित्रात बहुतेक जागा उजळ बाजूच्या असतात, पण उजळ जागांमध्येही परस्पर फरक टिकलेला असतो. लो-की चित्रात तेच गडद बाजूला घडते. हाय-की चित्रात कोठेतरी एक लहानशी खरी काळी जागा असली, उदाहरणार्थ डोळ्याची बाहुली किंवा छत्रीची मूठ, तर बाकीचा उजळपणा मुद्दाम ठेवल्याचे लक्षात येते. ती नसेल तर चित्र चुकून जळाल्यासारखे वाटते.

११. माझे फोटो सपाट आणि निर्जीव दिसतात. कॉन्ट्रास्ट वाढवला की भडक होतात. मधला मार्ग कोणता?

या पानावरील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानावा, कारण कृष्णधवल म्हणजे कडक काळे आणि कडक पांढरे, असा समज फार खोलवर रुजला आहे. चित्राचा जिवंतपणा दोन टोकांपेक्षा मधल्या छटांच्या परस्पर अंतरात असतो. संपूर्ण चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवला की टोके आधी बिघडतात. सावल्या भरून जातात, पांढरे जळते आणि ज्या मधल्या भागात खरी उणीव होती तेथे जेमतेम फरक पडतो.

पावसाळी दिवशी लकडी पुलावरून काढलेल्या नदीपात्राच्या चित्राचा विचार करावा. पाणी, चिखल, ओला दगड आणि आकाश हे सारे तिसऱ्या ते सहाव्या झोनमध्ये दाटीवाटीने बसलेले असतात. सर्वप्रथम चित्रातील सर्वांत गडद जागा खरोखरच गडद आहे का ते पाहावे. पुष्कळदा ती नुसती गडद करडी असते आणि तेवढी खाली आणली की चित्र उभे राहते. त्यानंतर टोन कर्व्हमध्ये (मूळ टोन किती गडद किंवा उजळ व्हावा ते ठरवणाऱ्या रेषेत) फक्त मधल्या भागाचा चढ थोडा वाढवावा आणि दोन्ही टोकांना तो हळुवार ठेवावा. सर्वांत शेवटी, ज्या दोन जागा एकमेकींपासून सुटायला हव्यात त्यांचा स्वतंत्र विचार करावा. काठावर बसलेला माणूस पाण्यापासून सुटत नसेल, तर साऱ्या चित्राला हात न लावता त्याच्यामागचे पाणी तेवढे अर्धा स्टॉप उजळवावे. एकच करडी छटा गडद शेजारात उजळ भासते आणि उजळ शेजारात गडद भासते, ही डोळ्यांची रीत आहे आणि तिचा उपयोग करून घेतला पाहिजे.

काही चित्रे सपाटच बरी असतात. धुक्यात शुद्ध काळे नसतेच. तेथे ते ओढून आणले तर धुके जाते.

१२. डॉज आणि बर्न किती करावे?

केलेले दिसू नये इतके करावे. डॉज म्हणजे प्रिंट करताना एखाद्या जागेचा उजेड अडवून ती उजळ ठेवणे. बर्न म्हणजे तेथे जास्त उजेड देऊन ती गडद करणे. डिजिटलमध्ये हेच मोठ्या, मऊ कडेच्या ब्रशने आणि कमी तीव्रतेने, थरावर थर देत करावे. चेहऱ्याभोवती उजळ वलय दिसू लागले की मर्यादा ओलांडली गेली. चौकटीच्या काठांवरील लहान उजळ ठिपके, जसे की दूरचा फलक किंवा प्लास्टिकची पिशवी, बर्न करणे हे सर्वाधिक फळ देणारे आणि सर्वाधिक विसरले जाणारे काम आहे.

१३. रॉ फाइलचा आग्रह का? आणि मोबाइलवर हे सारे शक्य आहे का?

आठ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४. रंगीत चित्रात पायऱ्यांची टंचाई रंगांमुळे काही प्रमाणात झाकली जाते. कृष्णधवल चित्रात आकाश गडद करायला गेल्यावर ती पट्ट्यांच्या रूपाने उघडी पडते.

मोबाइलवर शिकता येते. अडचण एवढीच की बहुतेक फोन अनेक एक्स्पोजर एकत्र करून सावल्या आपोआप उजळवतात आणि उजळ भाग खाली आणतात, म्हणजे टोनचा निर्णय फोनच घेऊन टाकतो. फोनमध्ये रॉची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर एचडीआर (एक्स्पोजर एकत्र करण्याची हीच सोय) बंद करता येते का ते पाहावे आणि पडद्यावर बोट ठेवून एक्स्पोजर स्वतः खाली आणावे.

१४. फिल्म घरी धुतो. उन्हाळ्यात निगेटिव्ह फार कडक येतात. काय चुकते आहे?

बहुधा तापमान. फिल्मच्या डब्यावर किंवा डेव्हलपरच्या माहितीपत्रकावर दिलेली वेळ सहसा २० अंश सेल्सिअससाठी असते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातल्या गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी याहून पुष्कळ गरम असते. गरम डेव्हलपर जलद काम करतो, त्यामुळे ठरलेल्या वेळात निगेटिव्हचे उजळ भाग प्रमाणाबाहेर घट्ट होतात आणि प्रिंटमध्ये ते कोरे पांढरे येतात.

डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवून थंड करावी. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये, कारण त्याने द्रावण पातळ होते. पाणी २४ अंशांपर्यंतच उतरत असेल तर उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे वेळ कमी करावा. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ लागला तर अधिक पातळ केलेले द्रावण वापरावे, कारण फार कमी वेळात फिल्म सर्वत्र सारखी धुतली जात नाही. स्टॉप बाथ, फिक्सर आणि धुण्याचे पाणीही जवळपास त्याच तापमानाचे असावे.

याच गुणाचा जाणीवपूर्वक वापरही करता येतो. डेव्हलपिंगच्या वेळेचा परिणाम सावल्यांवर थोडा आणि उजळ भागांवर फार होतो. कडक उन्हातल्या रोलला वेळ पंधरा-वीस टक्के कमी आणि ढगाळ दिवसाच्या रोलला थोडा जास्त दिल्यास दोन्ही निगेटिव्ह साध्या दोन नंबरच्या ग्रेडवर (मध्यम कॉन्ट्रास्टच्या कागदावर) प्रिंट होऊ शकतात.

१५. पडद्यावर सुंदर दिसणारा फोटो प्रिंटमध्ये काळवंडतो. दोष दुकानदाराचा का?

क्वचितच. पडदा स्वतः प्रकाश देतो आणि कागद केवळ खोलीतला प्रकाश परत करतो. त्यातच बहुतेकांचे पडदे गरजेपेक्षा फार प्रखर ठेवलेले असतात. पडद्याची प्रखरता इतकी उतरवावी की त्यावरील कोरे पान शेजारी धरलेल्या, पुरेशा उजेडातील कोऱ्या कागदाइतकेच पांढरे दिसेल. कागदाचाही प्रश्न आहे. चकचकीत कागदावर सर्वांत गडद काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत साधारण सात स्टॉपचे अंतर मिळते, मॅट कागदावर पाच-साडेपाच स्टॉपचे. चित्राचा जीव खोल सावल्यांत असेल तर मॅट कागद निवडण्यापूर्वी विचार करावा. मोठी प्रिंट काढण्याआधी चित्रातील महत्त्वाच्या भागाच्या लहान पट्ट्या तीन वेगवेगळ्या उजळपणांत काढून, जेथे चित्र लावायचे त्या भिंतीपाशी पाहाव्यात. डार्करूममध्ये काम करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की फायबर कागदावरील प्रिंट वाळल्यावर किंचित गडद होते, म्हणून ओल्या प्रिंटवरून अंतिम निर्णय घेऊ नये.

१६. विसर्जन मिरवणुकीत लाल-निळ्या दिव्यांखाली काढलेले फोटो कृष्णधवल केले की चिखल होतो. का?

प्रश्न २ आणि ७ मध्ये सांगितलेले नियम येथे मोडतात. शुद्ध निळ्या एलईडी दिव्याखाली ढोलवादकाच्या चेहऱ्याची जवळजवळ सारी माहिती निळ्या चॅनलमध्ये असते आणि नेहमीचे सूत्र त्या चॅनलला केवळ ११ टक्के वजन देते. चेहरा त्यामुळे अंधारात जातो. तो उजळवला की सारा दाणेदारपणा वर येतो. लाल दिव्याखाली नेमके उलटे होते. लाल चॅनल भरून वाहिलेला असतो, पण एकत्रित हिस्टोग्राम सारे ठीक असल्याचे दाखवतो. गालावर एकच सपाट पांढरट डाग का आला, हे मग कळत नाही.

अशा उजेडात कॅमेऱ्यावर लाल, हिरवा आणि निळा असे वेगवेगळे हिस्टोग्राम चालू ठेवावेत आणि सर्वांत उजवीकडे गेलेल्या रंगाकडे पाहून एक्स्पोजर उतरवावे. रूपांतर करताना ज्या रंगाचा दिवा होता त्याच चॅनलवर जवळजवळ सारे वजन द्यावे. गुलालाचा विचारही येथेच करावा. साध्या पांढऱ्या उजेडात लाल चॅनल वाढवल्यास गुलाल पांढऱ्या पिठासारखा दिसतो, हिरव्या चॅनलवर तो गडद होतो. हवेत उधळलेला गुलाल गडद पार्श्वभूमीवर असेल तर पहिला मार्ग योग्य, चेहऱ्याला लागलेला दाखवायचा असेल तर दुसरा.

१७. चेहरा उजळ केला की घरचे खूश होतात. हे करणे योग्य आहे का?

अयोग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. लाल-नारिंगी स्लायडर वर ओढला की सावळी त्वचा गोरी दिसू लागते आणि अनेक तयार प्रीसेटमध्ये हे न सांगता केलेले असते. नैतिक बाजू बाजूला ठेवली तरी चित्राचेही त्यात नुकसान आहे. सावळ्या त्वचेवर उजेडाची चमक आणि त्वचेचा स्वतःचा टोन यांत मोठे अंतर असते. गालफडे, कपाळ आणि सुरकुत्या त्या अंतरामुळेच घडीव दिसतात. त्वचा दोन झोन वर नेली की चमक आणि त्वचा एक होतात आणि चेहरा सपाट होतो. चेहरा दिसत नसेल तर त्यावर मऊ, बाजूचा उजेड पडेल अशी जागा निवडावी. त्वचेचा मूळ टोन जेथे आहे तेथेच राहू द्यावा.

१८. जुन्या फोटोंत आकाश कोरे पांढरे आणि कुंकू काळे का दिसते? तसा परिणाम आज मिळवता येतो का?

फिल्मऐवजी सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या रसायन लावलेल्या काचा केवळ निळ्या आणि अतिनील प्रकाशाला संवेदनशील होत्या. पुढे आलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म हिरवा प्रकाशही पकडू लागली, पण लाल रंगाला ती आंधळीच होती. निळे आकाश त्यामुळे जळून पांढरे होई, लाल कुंकू काळे पडे आणि त्वचा प्रत्यक्षापेक्षा गडद व खरखरीत उमटे. सर्व रंग पकडणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्वसाधारण वापरात आल्यावर हे चित्र बदलले.

ऑर्थो फिल्म आजही बनते. इलफर्ड कंपनीची ऑर्थो प्लस हे तिचे एक उदाहरण. ती लाल सेफलाइटच्या (डार्करूममधील मंद दिव्याच्या) उजेडात हाताळता येते, हा घरी फिल्म धुणाऱ्यांना मोठा फायदा आहे. डिजिटल फाइलमध्ये लाल चॅनलचे वजन शून्य ठेवून हिरवा आणि निळा मिळून शंभर टक्के केल्यास परिणाम बराच जवळ जातो. निळ्या चॅनलमध्ये दाणे अधिक असल्याने त्याला चाळीस टक्क्यांहून जास्त वजन देण्यापूर्वी चित्र पूर्ण आकारात पाहावे आणि फोटो मुळातच भरपूर उजेडात, कमी आयएसओवर काढलेला असावा.